बाटलीच्या मानेतली हवा

जॅमच्या बरणीवर निळ्या पेनाने ओढलेली बारीक रेघ सासऱ्यांच्या नजरेस पडली आणि ते मोठ्याने हसले.

“सूनबाई, ही रेघ माझ्यासाठी का?”

“कुणासाठी नाही हो, बाबा. किती उरलाय ते कळावं म्हणून मारलीय.”

“मग भांड्यांच्या साबणाच्या बाटलीवर का नाही मारलीस? साबण मी खात नाही म्हणून?”

सूनबाईंनी डबा भरला, झाकण घट्ट लागलंय का ते दाबून पाहिलं आणि त्या कामावर निघाल्या. सासऱ्यांना साखरेचा त्रास होता आणि गोडाचा सोस त्याहून मोठा होता, तेव्हा ती एक रेघ कुणालाही पटेल. पण रेघ मारायची सवय एका बरणीवर थांबत नसते. नवऱ्याने फोन उचलायला वेळ का लावला, शेजारीण आज एवढी गोड का बोलली, दुकानदाराने वजन करताना तराजूला हात तर लावला नाही, जिथे जाल तिथे ह्या बाईंच्या मनात पाल चुकचुकायची. आपल्यातही असे पुष्कळ आहेत. आपण त्याला सावधपणा म्हणतो आणि वर त्याचा अभिमानही बाळगतो.

शीतपेयांच्या कारखान्यात त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. तिथे सगळे त्यांना समोर मॅडम आणि पाठीमागे हवाबाई म्हणत. नाव चेष्टेचं असलं तरी खोटं नव्हतं. बंद बाटलीत अडकलेली हवा मोजणं हेच त्यांचं मुख्य काम होतं.

आता बंद बाटलीत हवा कसली, असं तुम्ही विचाराल. जिभेला झिणझिण्या आणतो तो पेयातला वायू वेगळा. तो मुद्दाम दाबून विरघळवलेला असतो आणि तो पेयात लागतोच. ही आपली साधी श्वासातली हवा मात्र बाटलीच्या मानेत अडकली की पेयाची चव हळूहळू उतरते. म्हणून बाटली भरली की आतला दाब बेताने सोडायचा, फेस मानेतून वर तोंडापर्यंत चढू द्यायचा, त्याने हवा बाहेर ढकलली की तत्क्षणी झाकण बसवायचं. फेस कमी पडला तर हवा आत राहते, जास्त झाला तर पेय सांडतं. सगळी करामत भरणयंत्र चालवणाऱ्याच्या नजरेत आणि हातात असते.

हवा किती राहिली ते मोजायची रीतही गमतीची आहे. झाकणातून सुई आत घुसवायची, बाटली खळाखळा हलवायची आणि सुटणारा वायू रबरी नळीतून काचेच्या एका उभ्या नळीत न्यायचा. ह्या काचनळीत कॉस्टिक सोड्याचं पाणी भरलेलं असतं. ते पेयातला वायू गिळून टाकतं. हवा काही त्याला गिळता येत नाही, ती वर जाऊन बुडबुडा होऊन बसते. नळीवरच्या खुणांवरून तो बुडबुडा वाचायचा. बुडबुडा लहान असला की सगळे खूश, मोठा असला की यंत्र चालवणाऱ्याला बोलावणं.

तर अलीकडे हा बुडबुडा वाढायला लागला होता. आणि यंत्र चालवत होते हवाबाईंचे सख्खे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान.

बाहेरच्या कुणाला वाटेल, घरचाच माणूस आहे म्हणजे बाई सांभाळून घेतील. झालं उलटंच. आई लवकर गेल्यावर ह्या ताईनेच त्यांना वाढवलं होतं. लग्न होऊन भावोजी घरात आले तेव्हा “धाकटीचं शिक्षण थांबवायचं नाही” असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. कारखान्यात जागा निघाल्याची बातमीही त्यांनीच आणली होती. हे उपकार हवाबाई विसरल्या नव्हत्या. पण तेच त्यांना टोचायचे. मेहुण्याला पाठीशी घालते, असं कुणी म्हटलं तर? ह्या भीतीने इतरांना त्या एकदा विचारत, ते भावोजींना तीनदा विचारत.

“भावोजी, फेस पुरता चढू देताय ना?” यंत्राच्या खडखडाटात त्या ओरडून म्हणाल्या.

“देतोय की. बघा ना, अगदी तोंडाशी येतोय.” चार माणसं आजूबाजूला असली की भावोजी त्यांना अहोजाहो करत.

“मग हवा कुठून येते?”

“तेच मला कळत नाही, मॅडम. काल वॉशर बदलून घेतले, झाकण बसवायचं डोकं साफ करून घेतलं. अजून काय बघू सांगा.”

हवाबाईंनी पाहिलं. फेस खरंच तोंडाशी येत होता. पांढरा, गच्च, आणि झाकण त्याच्यावर अचूक बसत होतं. पण मन म्हणालं, मी उभी आहे म्हणून येतोय! मी वळले की हे यंत्र पळवत असणार! संशयाची हीच तर खोड आहे. समोरचा चुकला तर तो कामचुकार ठरतो आणि नाही चुकला तर लबाड ठरतो, सुटायला त्याला वाटच उरत नाही.

मग त्या रिकाम्या क्रेटच्या चवडीमागे उभं राहून बघू लागल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख, अंगात पांढरा कोट, आणि क्रेटच्या फटीतून एका घरच्या माणसावर पाळत! भावोजींनी मध्येच यंत्राचा वेग कमी केला. त्यांनी मला पाहिलं वाटतं, हवाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत भावोजी कोपऱ्यात फोनवर हळू आवाजात बोलताना दिसले, तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी शिजतंय. खरं तर ते ताईला फक्त एवढंच विचारत होते की गॅस आला का.

प्रयोगशाळेत परतल्यावर मदतनीस बाई दारातच उभी होती. वयाने हवाबाईंहून मोठी. दिवसभर नळ्या धुणं आणि चाचण्या लावणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला नळीकाकू म्हणत.

“मॅडम, थोडं कॉस्टिक काढून देता का?”

“परवाच दिलं होतं ना? कुठे जातं एवढं?”

“चाचण्या वाढल्यात ना, मॅडम. भावोजींच्या बाटल्या तुम्ही दर तासाला...”

“काकू, जपून वापरा. मला हिशेब द्यावा लागतो.”

नळीकाकू मान खाली घालून आत गेली. ह्यामागेही एक गोष्ट होती. मध्यंतरी कॉस्टिकचा डबा लवकर संपल्यासारखा वाटला होता. तुंबलेली मोरी कॉस्टिकने मोकळी होते, हे घराघरांत माहीत असतं. झालं, हवाबाईंच्या डोळ्यांसमोर नळीकाकूंची मोरी आली! ती मोरी त्यांनी कधी पाहिली नव्हती, काकूंना काही विचारलंही नव्हतं. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली ओळखपत्राच्या पट्ट्याला अडकवून गळ्यात घातली. त्याच कपाटात राखीव बाटल्याही असत. प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या नंतर तक्रार आली तर दाखवायला म्हणून बाजूला ठेवतात, त्या. आता कॉस्टिक आणि बाटल्या दोन्ही त्यांच्या एकटीच्या ताब्यात होतं आणि त्यांना फार सुरक्षित वाटत होतं.

बुडबुडा मात्र वाढतच गेला. माल गोदामात अडकून पडू लागला. शेवटी व्यवस्थापक साहेबांनी हवाबाईंना बोलावून घेतलं.

“मॅडम, तुमचे नातेवाईक आहेत म्हणून मी इतके दिवस गप्प होतो,” साहेब म्हणाले. “उद्या सकाळी प्रयोगशाळेत बसू. त्यांचं म्हणणं ऐकून घेऊ. निष्काळजीपणा ठरला तर मी त्यांना ठेवू शकत नाही. तुमची हरकत?”

“माझी कशाला असेल? माझ्यासाठी सगळे कामगार सारखे आहेत, सर.”

हे वाक्य त्यांनी ताठ मानेने म्हटलं. बाहेर आल्यावर मात्र बाकीचं सुचू लागलं. भावोजींचं वय पन्नाशी ओलांडलेलं. ह्या वयात कामावरून काढलेल्या माणसाला दुसरं यंत्र कोण हातात देणार? ताईच्या घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

“ऐकलं ते खरं आहे का गं?”

“ताई, कामाचं घरी नको बोलूया.”

“बरं. नको बोलूया. हे जेवत नाहीयेत नीट, एवढंच सांगायला फोन केला. तुझ्यावर कसला राग नाही हो त्यांचा. उलट मलाच दटावतात, तिला मध्ये ओढू नकोस म्हणून.”

फोन ठेवला आणि हवाबाई स्वयंपाकघरात उगाच भांडी इकडची तिकडे करत राहिल्या. सासरे टेबलापाशी बसून शेंगदाणे सोलत होते. त्यांची सगळी नोकरी रुग्णालयात परिचारक म्हणून गेली होती. माणूस कण्हतोय का उगाच कुरकुरतोय, हे त्यांना पाठमोरं बसूनही कळायचं.

“बस,” ते म्हणाले. “आपटायची भांडी संपली.”

हवाबाईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला. “मी काय करू, बाबा? आकडे समोर आहेत. आकड्यांपुढे नातं कसं आणू?”

“आणू नकोस. पण तुझे भावोजी हलगर्जीपणा करतात हे तुला कळलंय, की तसं वाटतंय?”

“आकडेच सांगतात.”

“आकडा फक्त बुडबुडा केवढा ते सांगतो. तो कुणामुळे, हे तू सांगतेस.” सासऱ्यांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. “ऐक. वॉर्डात एका सकाळी मी ओळीने ताप बघत गेलो आणि सगळ्यांनाच ताप निघाला. मी आधी स्वयंपाकघराला शिव्या घातल्या, मग पाण्याच्या टाकीला. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी माझ्या हातातला थर्मामीटर घेतला, झटकला आणि परत लावला. ताप फक्त पहिल्याला होता. त्याचा चढलेला पारा मी खाली उतरवलाच नव्हता!”

“आमच्या नळीत पारा नसतो, बाबा.”

“नसेल बाई. मला तुझ्या नळीतलं काय कळतंय? मी माणसाचं बोलतोय.” ते आता हसत नव्हते. “संशय घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तुझं कामच संशयाचं आहे, तो नसेल तर लोक खराब माल पितील. पण घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घे. माझ्यावर घेतेस, काकूंवर घेतेस, भावोजींवर घेतेस. एकाच माणसाला तू कायम सूट दिलीयेस.”

“कुणाला?”

“जिच्या गळ्यात किल्ली आहे तिला.”

हवाबाईंना राग आला. सासऱ्यांचं काय जातं बोलायला! त्या उठून गेल्या. पण झोपायच्या आधी त्यांच्या मनात एक युक्ती मात्र आली, आणि ती सासऱ्यांच्या बोलण्यातून नाही, संशयातूनच आली. उद्या साहेबांसमोर दोन बाटल्या मोजायच्या. एक कपाटातली जुनी राखीव, बुडबुडा लहान होता तेव्हाची. दुसरी ताजी. म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध होईल की यंत्र तेच, माणूस तोच, फक्त कामातलं लक्ष उडालं. मग मला कुणी बोल लावणार नाही.

सकाळी प्रयोगशाळेत साहेब खुर्चीवर बसले. भावोजी बसले नाहीत. धुतलेला युनिफॉर्म घालून, दोन्ही हात पुढे बांधून ते मोजणीच्या ओट्यापाशी उभे राहिले. नळीकाकू बेसिनपाशी नळ्या पुसत होती.

“बोला,” साहेब म्हणाले. “तुमचं काय म्हणणं आहे?”

“साहेब, माझंच चुकत असणार,” भावोजी म्हणाले. “कुठे ते मला सापडत नाही. पण चुकतंय हे कबूल करतो. काय शिक्षा असेल ती द्या.”

सापडला! हवाबाईंच्या मनात पहिला शब्द हाच आला. लाज वाटावी असा शब्द, पण आला खरा. आता चाचणीची गरजही नव्हती. तरी केलेली तयारी वाया कशाला घालवा, म्हणून त्यांनी कपाट उघडलं आणि जुनी राखीव बाटली बाहेर काढली.

“सर, ही जुनी बाटली. मीच तपासून पास केलेली. हिच्यात हवा नगण्य होती. आता आपण परत मोजू आणि मग ताजी मोजू. फरक तुम्हीच बघा.”

सुई झाकणातून आत गेली. बाटली खळाखळा हलली. काचेच्या नळीत वायू भुरुभुरु वर चढू लागला. सगळे वाकून बघत होते. बुडबुडा बसला. वाढला. लहान खूण त्याने ओलांडली, मधली ओलांडली आणि ताज्या बाटल्यांचा जिथे थांबायचा थेट तिथे जाऊन तो थांबला!

हवाबाईंनी नळीवर टिचकी मारली. बुडबुडा तसाच राहिला.

“म्हणजे हे गृहस्थ पहिल्यापासूनच असं काम करतात,” साहेब सावकाश म्हणाले. मग त्यांची नजर भावोजींवरून निघाली आणि हवाबाईंवर येऊन थांबली. “पण मग ही बाटली तेव्हा पास कशी झाली, मॅडम? तुम्ही केलीत ना पास? मेहुण्यासाठी?”

“सर!”

“मी विचारतोय फक्त.”

मी विचारतेय फक्त! हेच शब्द हवाबाईंनी किती जणांना ऐकवले होते! आज ते उलटून अंगावर आले आणि त्यांना कळलं की हे शब्द ऐकणाऱ्याची खरं बोलतानाही जीभ अडखळते आणि आपलाच चेहरा आपल्याला चोरासारखा वाटायला लागतो. त्यांनी तर ती बाटली अगदी नीट मोजली होती. बुडबुडा तेव्हा खरोखरच लहान होता. पण आता कोण विश्वास ठेवणार?

त्यांचं मन सवयीप्रमाणे धावलं. कुणीतरी कपाटातली बाटली बदलली! नक्कीच बदलली! कुणी? त्यांनी नळीकाकूकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं. आणि मग त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. कपाटाला कुलूप होतं. दुसरी किल्ली नव्हती. कुणालाच आत हात घालता येऊ नये म्हणून त्यांनी स्वतः केवढी काळजी घेतली होती!

बाटली तीच होती. झाकण बंद होतं. कपाटात नुसत्या पडलेल्या बंद बाटलीत नवी हवा शिरणार कुठून? शिरूच शकत नाही. भावोजी, काकू, साहेब, कुणालाही ते शक्य नाही. मग बदललं काय? बाटली बदलली नसेल, तर मोजणं बदललं!

त्यांनी काचनळीतल्या पाण्याकडे पाहिलं.

“काकू,” त्या नळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे कॉस्टिक कधी भरलंय?”

नळीकाकूच्या हातातलं फडकं थांबलं. “जुनंच... जुनंच आहे, मॅडम. तुम्ही शेवटचं दिलं होतं ते. मी गाळून गाळून परत वापरते.”

“दर चाचणीला ताजं घ्यायचं असतं ना?”

“पूर्वी घेत होते. मग तुम्ही कुलूप लावलंत. मागायला आले की तुम्ही विचारायच्या, कुठे जातं एवढं. मला वाटलं, तुम्हाला वाटतंय मी घरी नेते.” तिचे डोळे भरून आले. “मॅडम, आमच्या घरी मोरी तुंबत नाही हो!”

हवाबाईंना सगळं एका क्षणात उमगलं. गिळून गिळून थकलेलं कॉस्टिक! त्याच्यात पेयातला वायू गिळायची ताकदच उरली नव्हती. न गिळलेला तो वायू वर जाऊन बसत होता आणि त्या त्यालाच हवा म्हणून वाचत होत्या. चाचण्या जेवढ्या वाढवल्या तेवढं ते थकत गेलं, आणि तेवढा भावोजींचा गुन्हा मोठा दिसत गेला. जो दोष शोधायला त्या निघाल्या होत्या, तो त्यांच्याच कुलपाने तयार केला होता!

“काय प्रकार आहे?” साहेबांचा आवाज चढला. “म्हणजे ह्या बाईंनी कॉस्टिक बदललं नाही? त्यांची चूक आहे ही?”

वाट समोर मोकळी होती. नुसतं “हो सर” म्हणायचं होतं. प्रमुख सुटल्या असत्या, मेहुणे सुटले असते, नळ्या धुणारी एक बाई घरी गेली असती आणि कुणाला फारसं काही वाटलंही नसतं. आपल्याकडे हे रोज होतं. नळीकाकूलाही ते ठाऊक असावं, कारण तिने फडक्याची घडी करून ओट्यावर ठेवून दिली होती.

“नाही, सर,” हवाबाई म्हणाल्या. “त्यांची चूक नाही. त्या मागायला येत होत्या, मी देत नव्हते. चोरी होतेय असं मला वाटलं. पाहिलं कुणालाच नव्हतं, नुसतं वाटलं. मोजणी बिघडली ती माझ्यामुळे. भावोजींचा काही दोष नाही. जो काही ठपका असेल तो माझ्यावर ठेवा.”

त्यांनी गळ्यातली किल्ली काढून नळीकाकूच्या हातात दिली. “काकू, ताजं काढा. लागेल तेवढं.”

काचनळी धुतली, ताजं कॉस्टिक भरलं. आज सकाळीच भावोजींच्या हाताखालून निघालेली बाटली लावली. वायू भुरुभुरु वर चढला, वाटेतच विरून गेला आणि नळीच्या टोकाला मोहरीएवढा बुडबुडा तेवढा राहिला.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, “गोदामातला माल परत तपासा. तुमच्याशी मी नंतर बोलेन, मॅडम. लेखी समज द्यावी लागेल.” भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “माफ करा हं. यंत्रावर जा तुमच्या.” आणि ते गेले.

नळीकाकूही पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेली. प्रयोगशाळेत दोघंच राहिली. हवाबाईंना भावोजींकडे बघवत नव्हतं.

“भावोजी, माझं चुकलं. फार चुकलं. ताईला मी काय तोंड दाखवू?” त्या रडायला लागल्या. “पण तुम्ही तरी कबूल का केलंत? फेस तुमच्या डोळ्यांना दिसत होता ना? मग एकदा तरी माझ्यावर ओरडायचंत! एकदा तरी म्हणायचंत की तुझंच मोजणं चुकतंय!”

भावोजी त्या मोहरीएवढ्या बुडबुड्याकडे बघत होते.

“कसं म्हणणार गं?” ते म्हणाले. आता आजूबाजूला कुणी नव्हतं. “फेस दिसायचा मला. रोज दिसायचा. पण तू म्हणायचीस हवा आहे. तू शिकलेली. आम्ही दोघांनी शिकवलेली. तू चुकशील, असं माझ्या मनातच आलं नाही. मग वाटलं, आपलेच डोळे गेले असणार. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत तुमचे.”

ते दाराकडे वळले.

“मी त्यांच्यावरसुद्धा विश्वास ठेवला नाही. तुझ्यावर ठेवला.”

एवढं बोलून ते यंत्राकडे गेले. हवाबाई तिथेच उभ्या राहिल्या. साहेबांची लेखी समज त्यांना पुढे मिळाली, ती त्यांनी निमूट घेतली. पण ह्या एका वाक्याने जी समज दिली ती कुठल्याही कागदावर लिहिता येणार नाही.

वाचकहो, आपण सगळेच कुणाला ना कुणाला मोजत असतो. घरात सुनेला, कचेरीत शिपायाला, शेजारात नव्या भाडेकरूला. मोजायला हरकत नाही, मोजलंच पाहिजे. पण बुडबुडा मोठा दिसला की माणसाला धरायच्या आधी हातातलं माप एकदा तपासा. कारण आपण ज्याच्यावर संशय घेतो तो लबाड असेल तर त्याचं काही बिघडत नाही, तो हसून पुढे जातो. मोडतो तो सरळ माणूस. आपल्यावर इतका विश्वास ठेवतो, की आपण त्याला दोषी म्हटलं तर तो स्वतःच्या डोळ्यांनाच खोटं ठरवतो.